वाचनालयाची बांधणी: मुखपृष्ठ ठेवायचं की टाकायचं? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

शिरोरेघ
सार्वजनिक वाचनालयातलं पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जातं. तिथे सगळ्यात आधी मुखपृष्ठ ओरबाडून निघतं. पुस्तक परत येतं ते मरून किंवा हिरव्या रेक्झिनमध्ये. मजकूर वाचतो, चित्र रद्दीत जातं. ही पद्धत थांबायला हवी.

फोटोटाइपसेटिंग (फोटोच्या पद्धतीने अक्षरजुळणी) येण्याआधी मोठ्या आकाराचे देवनागरी टाइप मोजकेच होते, त्यामुळे पुस्तकाचं नाव बहुधा चित्रकारच हाताने काढायचा. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे यांच्या पिढीचं हे काम शिकायला जायचं कुठे? मूळ चित्र हाताशी नसेल तर छापलेली प्रत हाच पुरावा, आणि ती वाचनालयाच्या कपाटात असते. ब्लॉकने (चित्र कोरलेल्या धातूच्या ठशाने) छापलेलं तीन रंगी मुखपृष्ठ दहापट भिंगाखाली धरा. पिवळ्यावर निळा चढवून हिरवा कुठे मिळवलाय, कागदाचा पांढरा कुठे मुद्दाम सोडलाय, लांबलचक नाव बसवताना शिरोरेघ कुठे तोडलीय, सगळं दिसतं. एखादा रंग अर्धा मिलिमीटर सरकला असेल तर छपाईची अडचणही कळते. अक्षरकला शिकणाऱ्याला वाचनालय यापेक्षा मोठं काही देऊ शकत नाही.

मागणी साधी आहे. पुस्तक बांधणीला देण्याआधी मुखपृष्ठ वेगळं करा, मागे पेन्सिलने दाखल क्रमांक (वाचनालयाच्या दाखलवहीतला पुस्तकाचा नंबर) लिहा आणि फाइलीत ठेवा.

दाखलनोंद
भावना पटते, मागणी पटत नाही. सार्वजनिक वाचनालयाचं काम देवघेव आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्ये मांडलेलं पहिलंच सूत्र आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. रेक्झिनची बांधणी दिसायला रुक्ष असेल, पण तिच्यामुळे तीच कादंबरी आणखी कित्येक वर्षं घरोघरी फिरते. ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या लहान, बहुतेक वाचनालयांत नोंदी, वर्गणी, बांधणी, झाडझूड हे सगळं एका-दोघांवर असतं. फाइल उघडणार कोण, सूची करणार कोण?

दाखल क्रमांकही पुरेसा नाही. उद्या पुस्तक रद्दबातल झालं, दाखलवही जीर्ण झाली, की मुखपृष्ठ कोणत्या आवृत्तीचं हे कोणी सांगू शकणार नाही. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि चित्रकाराचं नाव (बहुतेकदा आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं) इतकं मागे लिहिलेलं नसेल तर तो नुसता रंगीत कागद.

शिवाय जतनासाठी वेगळा कायदा आहे. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. गावच्या वाचनालयावर ते ओझं कशाला?

जुजबंदी
बांधणीच्या बाजूने लिहितो. दोघंही मुखपृष्ठावर अडलात, खरं नुकसान शिलाईत होतं.

जुनं पुस्तक बहुधा जुजबंदीचं असतं, म्हणजे घडी घातलेले फर्मे (एका मोठ्या छापील कागदाच्या घडीतून होणारे पानांचे गठ्ठे) घडीतून दोऱ्याने शिवलेले. वाचनालयाचा दर इतका कमी असतो की बाइंडर पाठ कापतो, सुटी पानं एकत्र ठोकतो आणि पाठीपासून आठ-दहा मिलिमीटर आत भोकं पाडून टाचण शिलाई घालतो. आतला समास बारा-पंधरा मिलिमीटरचा असेल तर उरतं काय? पुस्तक सपाट उघडत नाही. वाचक दाबून उघडतो, जुना आम्लयुक्त कागद ठिसूळ झालेला असतो, आणि पान शिलाईच्या रेषेतच तुटतं. वर तिन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर कटिंग. कडेपर्यंत छापलेली आतली चित्रं अशीच छाटली जातात. तेव्हा चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून द्या: “घडी शाबूत असेल तर जुजबंदी, कटिंग नको.”

आता मुखपृष्ठ. ते फाइलीत नको, पुस्तकातच शिवायचं. पाठीवरून अलगद सुटत नसेल तर ओढू नका, सांध्यावर धारदार पात्याने कापा आणि पाठीची पट्टी वेगळी ठेवा. मग कोपऱ्यात ओल्या कापसाच्या बोळ्याने रंग तपासा. रंग बोळ्यावर उतरला तर पाण्याचं काम बंद. टिकला तर मागून दहा-बारा जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) तलम टिश्यू पातळ खळीने लावायचा, ब्रश मधून कडेकडे. टिश्यूच्या आणि मुखपृष्ठाच्या तंतूंची दिशा एकच हवी, नाहीतर वाळताना पीळ पडतो. टिपकागदात ठेवून वर वजन, तासाभराने टिपकागद बदलायचे आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. घाईत अर्धवट ओलं काढलं की कडा वळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. शेवटी पंधरा मिलिमीटरची कागदी पट्टी जोडून पहिल्या फर्म्याबरोबर शिवायचं. पुठ्ठ्यावर चिकटवू नका, हाताळणीत कोपरे आधी झिजतात.

लॅमिनेशन असलेली मुखपृष्ठं वेगळी. एका बाजूला प्लास्टिक असल्याने ओल लागली की ती गुंडाळतात. ती न ओलावता पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलेली बरी.

शिरोरेघ
@दाखलनोंद, १९५४चा कायदा १९५४च्या आधीच्या पुस्तकांना काय कामाचा? दलालांचं ‘दीपावली’ १९४५मध्ये सुरू झालं, मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९चा. हे अंक टिकले असतील तर ठाणे (१८९३) किंवा मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (१८९८) जुन्या संस्थांत आणि तालुक्याच्या वाचनालयांत. त्याच कायद्यात राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत सर्व चित्रांसह, उत्तम प्रतीसारखीच रंगीत असावी असं म्हटलंय. म्हणजे चित्र हा पुस्तकाचा भाग आहे हे कायद्यालाही मान्य आहे.

सगळीच मुखपृष्ठं ठेवा असं मी म्हणत नाही. १९८०पूर्वीची, चित्रकाराचं नाव असलेली किंवा हाताने काढलेल्या अक्षरांची, एवढीच ठेवा. आवृत्ती-वर्ष लिहिण्याची तुमची सूचना मात्र जशीच्या तशी स्वीकारतो. @जुजबंदी यांचं शिवून ठेवणंही फाइलीपेक्षा बरं.

दाखलनोंद
शिवून ठेवलं की ते वाचकाच्या घरी जाणार, आणि चांगलं चित्र ब्लेडने कापून नेणारे असतात. मग स्कॅन का नको? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा दिली आहे. ६०० डीपीआय, शेजारी रंगपट्टी, टिफ फाइल. कपाटात जागा लागत नाही. फक्त ती संकेतस्थळावर टाकता येणार नाही. कॉपीराइटची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दलाल १९७१मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क सहसा प्रकाशकाकडे असतो, तेव्हा परवानगी कोणाची घ्यायची तेही आधी बघा.

रंगमिसळ
स्कॅन हवाच, पण प्रतीच्या ऐवजी नको. हाफटोनचे ठिपके (छपाईत रंगछटा दाखवणारे बारीक ठिपके) आणि स्कॅनरच्या रेषा एकमेकांत अडकून चित्रावर जाळी उठते. ती घालवायला सॉफ्टवेअरने मऊ केलं की ठिपकेच पुसले जातात, आणि चित्रकाराला नेमके तेच बघायचे असतात. शाईचा थर, कागदावर ब्लॉकचा उमटलेला दाब, हेही सपाट प्रकाशात येत नाही. कंदील किंवा टॉर्च बाजूने धरावा लागतो.

चोरीचा मुद्दा खरा आहे. निवडक पुस्तकं देवघेवीतून काढून संदर्भ विभागात ठेवा आणि महिन्यातून एका दुपारी टेबलावर भिंगासह मांडा. खर्च भिंगाचा.

दाखलनोंद
संदर्भ विभागाचं पटलं. पण जुजबंदीचा वाढीव दर कुठून आणायचा? बांधणीची तरतूद पुस्तकांच्या संख्येवर धरलेली असते.

जुजबंदी
शंभर पुस्तकं टाचण शिलाईने देण्याऐवजी ऐंशी तशी द्या आणि उरलेल्या पैशात बसतील तितकी निवडक जुजबंदीने. एक खर्च तर वाचतोच: खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालू देऊ नका. कीड लागू नये म्हणून बरेच जण घालतात, पण तांब्यामुळे कागद लवकर कुजतो आणि तपकिरी डाग पडतात. मैद्याऐवजी गव्हाचं सत्त्व घ्या, एक भागाला पाच-सहा भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवा, गाळा, आणि तीन-चार दिवसांत संपेल एवढीच करा. आंबूस वास आला की ती टाकायची.