सायकल २१४, शेत ३४ अंशांवर: ही वसाहत वाचेल का?

वडगावचा_टर्नर

मंडळी, नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर आहे. सेकंड शिफ्ट करून घरी आलो की जेवून तासभर 'ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड' लावतो. लघुग्रहाच्या पोटात वसाहत जगवायचा हा कॉम्प्युटर गेम; त्यातला एक दिवस म्हणजे एक सायकल, घड्याळातली दहा मिनिटं. काल रात्री खेळ पॉजवर टाकला, तो अजून तसाच आहे. पुढं काय करावं ते कळेना, म्हणून लिहितोय.

ही वसाहत मी आणि धाकट्या भावानं गेल्या पावसाळ्यात सुरू केली. एकच लॅपटॉप. पाइप तो टाकायचा, वायरिंग माझं. बाहेर आठ-आठ दिवस पाऊस थांबत नव्हता आणि आम्ही लघुग्रहाच्या पोटात पाणी शोधत होतो. पहिल्या तीन माणसांना आम्ही घरातली नावं दिली: अज्जी, बाबा, काकू. आता ११ जण आहेत. दिवाळीनंतर भाऊ नोकरीला पुण्याला गेला, तेव्हापासून मी एकटाच सांभाळतोय.

आधी शेवाळावर ऑक्सिजन चालला होता. शेवाळ संपत आलं तसे दोन इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडून ऑक्सिजन काढणारी मशीनं, बसवले. एका माणसाला सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, ११ जणांना ११००. एक मशीन सेकंदाला १ किलो पाण्यातून ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन काढतं. शाळेत शिकलेलं आठास एक हे प्रमाण इथं जसंच्या तसं भेटलं, तेव्हा फार आनंद झाला होता. हिशोब चुकला नाही, हवा पुरली. पण शेतातलं तापमान चढत गेलं. २४, २७, ३०, काल ३४. आमचं खाण्याचं पीक मीलवूड ३० च्या वर वाढत नाही, सगळी रोपं थांबलीत. माणशी सायकलला १००० किलोकॅलरी लागतात आणि साठा आहे ४४,०००. म्हणजे चार सायकल, घड्याळातली ४० मिनिटं.

पाण्याचं सांगतो. २२ अंशांचं एक गार तळं आहे, तेच इलेक्ट्रोलायझरला जोडलंय. दुसरीकडं वाफेच्या झऱ्याचं ९५ अंशांचं पाणी साठवून ठेवलंय. ते गार करायची सोय झाली की वापरायचं, असं ठरवलं होतं. राकसकोप धरणाची पातळी उतरली की आमच्या गल्लीत पिंपं मोजून वापरावी लागतात, त्यामुळं पाणी साठवायची सवय अंगातच आहे.

तयार डिझाइनचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण ते बघून नक्कल करायची नाही. उष्णता नेमकी कुठून आली ते समजून घ्यायचंय. नव्यानं सुरू करा, असं कृपया एवढ्यात सांगू नका.

निपाणी_नाइट

भावा, तरी सांगतो. माझी दुसरी वसाहत अशीच तापली होती, ती सोडून दिली आणि तिसऱ्यात शेत मशीनपासून लांब ठेवलं. शिकायला तेच बरं पडतं. पण तुला सोडायची नसेल तर आधी पोटाचं बघ. मायक्रोब मशर या खाणं बनवायच्या मशीनमध्ये ७५ किलो माती आणि ७५ किलो पाणी घातलं की ८०० किलोकॅलरीची मश बार होते. सायकलला १४ केल्यास तर सगळे जगतील. नाराज होतील, पण मरणार कोणी नाही. रोपंही थांबलीत, मेली नाहीत. गार झाली की वाढ पुन्हा सुरू होते.

चिकोडी_कोजन

मी साखर कारखान्यात कोजनच्या, म्हणजे वीजनिर्मितीच्या, टर्बाइनवर आहे. मुलगा हा खेळ खेळायचा, त्याच्या शेजारी बसून मीही शिकलो.

तुमची उष्णता ऑक्सिजनबरोबर आली. इलेक्ट्रोलायझर ७० अंशांपेक्षा गार वायू देतच नाही. २२ अंशांचं पाणी घाला नाहीतर ५० चं, वायू ७० चाच निघणार. म्हणजे तुम्ही चांगलं गार पाणी घालून गरम हवा विकत घेतलीत, आणि जे पाणी मशीनला घालायचं ते साठवून ठेवलंत.

९५ चं पाणी सरळ मशीनला द्या. वायू ९५ चा निघेल, घाबरू नका. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ आणि ऑक्सिजनची १, असे आकडे खेळातही आहेत. एक किलो पाणी एक अंश गार करायला जेवढं काम, त्याच्या चौथ्या हिश्श्यात एक किलो ऑक्सिजन गार होतो. बाकीची उष्णता इलेक्ट्रोलायझरमध्येच जिरते. पाणी गार करण्यात शक्ती घालवू नका, हवा गार करा. पंप आणि इलेक्ट्रोलायझर मात्र गोल्ड अमाल्गमचे (खेळातलं सोन्याचं खनिज) करा. साध्या धातूचे ७५ च्या वर तापून मोडतात, अमाल्गमचे १२५ पर्यंत टिकतात.

आत्ताच्या आत्ता करायचं तर ऑक्सिजनची लाइन बर्फाळ भागातून फिरवून आणा. एका गॅस पाइपमधून सेकंदाला १ किलोच जातो आणि तुम्हाला ११०० ग्रॅम लागतात, तेव्हा दोन लाइन टाका.

बर्फ कधीतरी संपेल. कायमचा उपाय स्टीम टर्बाइन आणि ॲक्वाट्यूनर (पाइपमधलं पाणी गार करून त्याची उष्णता बाहेर टाकणारं मशीन). कारखान्यात टर्बाइनमधून सुटलेली वाफ आम्ही रस तापवायला आणि आटवायला पाठवतो, तिचं पाणी झालं की ते परत बॉयलरला. उष्णता कुठं ना कुठं जातेच. खऱ्या अंतराळ स्थानकातही पाण्याचं विघटन करूनच ऑक्सिजन काढतात, पण तिथली उष्णता अमोनियाच्या नळ्यांतून बाहेरच्या रेडिएटरवर नेऊन अवकाशात सोडता येते. तुमच्या चारी बाजूंना दगड आहे. म्हणून खेळानं टर्बाइनला सवलत दिलीय: १२५ च्या वरची वाफ आत घेतो, ९५ चं पाणी बाहेर सोडतो, मधली बहुतेक उष्णता नाहीशी होते. खऱ्या टर्बाइनला हे जमत नाही. मला पहिल्यांदा हे पटायला वेळ लागला.

खानापूरची_कौलं

कोजनवाल्यांनी एक सांगायचं राहिलं. ९५ चं पाणी साध्या पाइपमधून शेताजवळून नेलंत तर पाइपच शेत तापवतील. इन्सुलेटेड पाइप टाका, आणि जमलं तर सिरॅमिकचे. ज्वालामुखी खडकाची उष्णतावाहकता २ आहे, सिरॅमिकची ०.६२. भट्टीत १०० किलो चिकणमाती आणि २५ किलो कोळसा घातला की १०० किलो सिरॅमिक निघतं.

आमच्या घरी पूर्वी कौलांची भट्टी होती. भट्टी पेटलेली असायची तेव्हाही बाहेरच्या जाड भिंतीला टेकून आजोबा बसायचे, हे मी लहानपणापासून बघत आले. खेळात इन्सुलेटेड भिंत पहिल्यांदा बांधली तेव्हा तेच आठवलं. तुमच्या दोन्ही इलेक्ट्रोलायझरभोवती अशी खोली बांधा, मग तिथली धग शेताकडं येणार नाही.

वडगावचा_टर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सायकल २३३. शेत २७ अंशांवर आहे आणि काल पहिलं पीक निघालं.

आधी निपाणीच्या भावाचं ऐकून मश बार लावल्या. मग गार तळ्याची लाइन तोडून झऱ्याचं पाणी जोडलं, तेव्हा हात थोडा थरथरला. काका, तुमचा आकडा मी वहीत मांडून बघितला. माझ्या ११ जणांना सायकलला साधारण ७४० किलो पाणी लागतं. ९५ पासून २५ पर्यंत पाणी गार करायचं म्हटलं तर जेवढी उष्णता काढावी लागली असती, त्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्यात ऑक्सिजनचं काम झालं. वायूचं वजनही पाण्यापेक्षा कमी भरतं ना. मशीनवर कूलंट रोज हाताळतो, पण काय गार करायचं हे आधी ठरवावं लागतं, हे मला इथं कळलं.

ताई, भट्टी चालू केलीय. सिरॅमिकची खोली अर्धी झाली. वरच्या कोपऱ्यात हायड्रोजन साचत होता, तो जनरेटरला जोडला. सेकंदाला १०० ग्रॅममध्ये ८०० वॉट मिळतात, इलेक्ट्रोलायझरचे १२० वॉट त्यातून सहज भागतात.

आता ॲक्वाट्यूनरसाठी पोलाद हवं. १०० किलोला ७० किलो लोखंड, २० किलो रिफाइंड कार्बन आणि १० किलो चुना. चुन्यासाठी अंड्यांची कवचं लागतात, म्हणून हॅच नावाचे खेळातले प्राणी पाळायला घेतलेत. त्यांची जबाबदारी काकूकडं दिलीय.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, ॲक्वाट्यूनर तू बसव, पण टर्बाइनच्या पाइपना हात लावू नकोस. गणपतीला येतोय, ते तो टाकणार आहे.