प्रमोशन नक्की कुणाला मिळतं? तुमचे अनुभव लिहा

भोंगा:
गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेसाठी, घरी सोलापुरात आलोय. माळा आवरताना आप्पांचा मिलचा पास सापडला, पिवळा पडलेला, रबरबँड वितळून पुठ्ठ्याला चिकटलेला. आणि मला आठवलं ते माझं 2012 चं अप्रेझल, वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन. हिंजवडीत मोठ्या कंपनीत होतो, वर्षभर रिलीजच्या रात्री मी जागलो, शुक्रवार संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसची किती रिझर्वेशनं बुडवली गणती नाही. शेवटी मॅनेजर म्हणे काम झकास आहे रे, पण टीममध्ये वरचं रेटिंग एकालाच देता येतं, बेल कर्व्ह आहे, म्हणजे वर किती, मध्ये किती, खाली किती हे आधीच ठरलेलं. ते मिळालं क्लायंटसमोर पीपीटी दाखवणाऱ्याला, त्यातले आकडे मी काढून दिलेले. फोनवर आप्पांना कर्व्ह समजावत होतो तर ते म्हणाले, "म्हंजे जॉबरच की रे." आप्पा पहिली चार वर्षं बदली कामगार, मिलच्या भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, जॉबर म्हणजे मुकादम बोट दाखवेल तो आत. आदल्या दिवशी चहापान कुणी पाजलं त्यावर बोट फिरायचं.
तुमचेपण लिहा. कंपनीचं नाव नको.

शेंगाचटणी:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. 2017 पासून 26 आठवडे मॅटर्निटी लीव्ह कायद्याने आहे ना, घेतली. उरलेल्या वर्षात दोन प्रोजेक्ट संपवले तरी रेटिंग शेवटून पहिलं. साहेब म्हणे या वर्षी तू दिसलीच नाहीस. दिसणार कशी, बाळंतीण होते!! शिट्टी झाली, येते

सातरस्ता:
काय बे भोंग्या, गावात येऊन फोन नाही केलास? होम मैदानावर गर्दी किती आहे, पोरांना आज आणू का उद्या

कुर्डुवाडीकर:
आमचं बँकेचं वेगळं, प्रमोशन म्हणजे बदली. परीक्षा पास झालो, इंटरव्ह्यू झाला, पोस्टिंग पार बिहारात निघणार असं कळलं, आई एकटी सोलापुरात, नको म्हणून लिहून दिलं. ज्याला मी कॅश मोजायला शिकवलं तो आज माझा साहेब आहे. पोरगा चांगलाय पण, केबिनमध्ये सर न म्हणता काका म्हणतो आणि मग मलाच अवघडल्यासारखं होतं.

विजापूररोड:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो, मी मॅनेजर होतो. 11 माणसं, वरच्या जागा 2, आणि खालच्या खान्यात एक नाव टाकावंच लागायचं. हे खूळ जीई या अमेरिकन कंपनीच्या तेव्हाच्या बॉसचं, जॅक वेल्चचं, वरचे 20 टक्के, मधले 70, खालचे 10. मग ज्याने राजीनामा दिलाय त्याला खालचं रेटिंग टाकायचो, म्हणजे उरलेले वाचतात. एका वर्षी कुणीच राजीनामा दिला नाही. सगळ्यात गप्प बसणारी जी मुलगी होती तिचं नाव टाकलं, भांडणार नाही म्हणून. ती खरंच भांडली नाही, नुसतं "ओके सर" म्हणाली. 2013 ला मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बंद केली ती बातमी आमच्या ग्रुपवर आली, सगळ्यांनी अंगठे दिले, आणि दुपारी आम्ही त्याच कर्व्हवर मीटिंगला बसलो.

भोंगा:
@विजापूररोड म्हणजे जॉबर सापडला तर :) पण लिहिलंत ते बरं केलंत. मला निदान कारण तरी सांगितलं होतं, त्या पोरीला काय सांगितलंत?

विजापूररोड:
कम्युनिकेशन सुधार म्हणालो.

शेंगाचटणी:
अगं बाई. मलापण सेम शब्द होते, फॉर्ममध्ये. आले परत, वरण उतू गेलं सगळं

सातरस्ता:
यापेक्षा आपले गड्ड्याच्या मिरवणुकीतले नंदीध्वज बरे, सात उंच काठ्या, मानाचा क्रम ठरलेला, अप्रेझल नाही काही नाही

कुर्डुवाडीकर:
पण काठी पेलावी लागते बे, तिथं पीपीटी चालत नाही

भोंगा:
@सातरस्ता आज नको, लई गर्दी आहे, पाळण्याला तासभर लाईन. उद्या दुपारी आण, घरी जेवायलाच ये. आप्पा तो पास प्लास्टिकमध्ये घालून ठेव म्हणालेत, फोटो टाकतो नंतर