आधी गाणं, मग सिनेमा

केतकी (बी-३०४): काल क्लबहाउसमध्ये 'पॅरासाइट' बघितला ना, त्यात दिवाणखान्यातल्या मारामारीला जे इटालियन गाणं लागतं ते कुठलं? सकाळपासून गुणगुणतेय.

दाते काका (ए-१०१): 'इन जिनोक्यो दा ते', गायक जान्नी मोरांदी, १९६४. 'तुझ्यापुढे गुडघे टेकून'. त्याच नावाचा सिनेमाही त्याच वर्षी आला.

मंजिरी वहिनी: म्हणजे सिनेमातलंच गाणं.

दाते काका: इथेच गंमत आहे. आपल्याकडे सिनेमासाठी गाणी करतात. तिकडे गाजलेलं गाणं घ्यायचं, त्याच्याभोवती सिनेमा बेतायचा, गायकालाच हिरो करायचं. या प्रकाराला 'मुझिकारेल्लो' म्हणतात. यात मोरांदी नापोलीत सक्तीची लष्करी नोकरी करणारा पोरगा, आणि प्रेम कुणावर? सार्जंट-मेजरच्या मुलीवर! ती हिरॉइन लाउरा एफ्रिकियान. १९६६मध्ये दोघांनी खरंच लग्न केलं.

सलील (बी-२०२): थोडक्यात, तबकडी खपवायची दीड तासाची जाहिरात 😄

दाते काका: होतीच. १९५९च्या एकाच्या तर नावातच ज्यूकबॉक्स आहे. त्यात चेलेंतानो हा गायक गातो, दिग्दर्शक लुचो फुल्ची. हाच पुढे रक्तबंबाळ भयपटांसाठी नावाजला. पुढच्या वर्षीच्या सिनेमात त्याने चेट बेकरला घेतलं. एवढा मोठा ट्रम्पेटवाला, आणि काम काय, तर जिथे तिथे झोपलेला अमेरिकन.

सेक्रेटरी: कृपया विषयांतर नको. उद्या १० ते १ पाणी बंद.

केतकी: काका, तुम्ही बोला.

दाते काका: बॉबी सोलो या गायकाचं ऐक. १९६४च्या सानरेमो महोत्सवात, म्हणजे इटलीतल्या गाण्यांच्या स्पर्धेत, ऐन वेळी घसा बसला. रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवले म्हणून स्पर्धेतून बाद! पण तबकडी तुफान खपली. मग काय, वर्षाच्या आत त्याच गाण्याच्या नावाने सिनेमा.

मंजिरी वहिनी: प्लेबॅक म्हणून बाद? हा नियम मुंबईत लावला असता तर एक हिरो उरला नसता 🤣

सलील: बाई दिग्दर्शक कोणी होत्या का त्यात?

दाते काका: लीना वेर्टम्युलर. रीता पावोने या गायिकेचा १९६६चा सिनेमा तिचाच, पण नाव लावलं पुरुषाचं, जॉर्ज एच. ब्राऊन. दिग्दर्शनासाठी ऑस्कर नामांकन मिळालेली पहिली बाई पुढे तीच.

मंजिरी वहिनी: मग पुढच्या शनिवारी तोच लावा. चहा माझ्याकडे.

केतकी: सबटायटल असतील तरच हं काका. मागच्या वेळी तुम्ही शेजारी बसून सगळं सांगत होतात, ते आजीच्या झोपेच्या आड येत होतं.