डच उपग्रह 'एएनएस': छोट्या देशाने वेगळी चूल मांडायला हवी होती का?

खगोलवेडा
नेदरलँड्सचा पहिला उपग्रह 'एएनएस' १९७४ साली उडाला. काम होतं अतिनील आणि क्ष-किरणांत तारे पाहायचं. "युरोपच्या संयुक्त अंतराळ संस्थेत सभासद असताना वेगळी चूल कशाला?" असं काल एका मित्राने विचारलं. माझ्या मते मांडली तेच बरं झालं. ३० ऑगस्टला कॅलिफोर्नियातून अमेरिकी स्काउट रॉकेटने तो गेला आणि भलत्याच कक्षेत पडला. हवी होती जवळजवळ गोल कक्षा. मिळाली लांबट: एका टोकाला पृथ्वीपासून तीनशे किमीच्याही आत, दुसऱ्या टोकाला अकराशेच्या पुढे. वरच्या टोकाला पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतले (वेगवान विद्युतभारित कणांच्या पट्ट्यांतले) कण उपकरणांना छळणार, म्हणजे निरीक्षणांचं ठरलेलं वेळापत्रक बादच. पण आतल्या संगणकाचा प्रोग्रॅम जमिनीवरून बदलता येत होता, आणि त्या काळी हे फार कमी उपग्रहांत होतं. नवं वेळापत्रक वर पाठवलं, उपग्रह कामाला लागला!

सडेतोड
असहमत. पैसा सरकारचा, काम फोकर (विमानं बनवणारी डच कंपनी) आणि फिलिप्सला. उद्योगांचा हात बसावा म्हणून हा खटाटोप होता. रॉकेट अमेरिकेचं, एक क्ष-किरण उपकरणही अमेरिकेचं.

ध्रुवमत्स्य
हात बसावा हा हेतू होताच, त्यात वाईट काय? आणि विज्ञान बघा की. १९७५ मध्ये धनू राशीतल्या एनजीसी ६६२४ या तारकागुच्छातून क्ष-किरणांचा लोट सेकंदभरात उसळला आणि काही सेकंदांत विझत गेला. जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर (मेलेल्या ताऱ्याच्या अतिघन गाभ्यावर) साचतो आणि एकदम भडकतो, हे पुढे उलगडलं. तो लोट 'एएनएस'ने टिपला.

सडेतोड
असे स्फोट अमेरिकेच्या व्हेला या अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांच्या नोंदींतही त्याच सुमारास दुसऱ्या गटाला सापडले होते. शोध लागायचा थांबला नसता.

खगोलवेडा
शोध लागला असता, पण माणसं तयार झाली नसती. १९८३ च्या 'आयरास' या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाची बांधणी डचांकडे आली, ती या अनुभवावर. आपल्या आर्यभटवरचे प्रयोग वीजपुरवठा बिघडल्याने काही दिवसांतच बंद करावे लागले. तो वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. चारच वर्षांत पुढचा उपग्रह भास्कर झाला.

सडेतोड
भारताला स्वतःचं रॉकेटही करायचं होतं, डचांना नव्हतं. आणि ज्या फोकरसाठी एवढं केलं, ती १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली.

ध्रुवमत्स्य
विमानं बंद पडली. अंतराळ विभाग मात्र तगला, आज लायडनमध्ये उपग्रहांचे सौर पंख (सौरऊर्जेचे फलक) बनवतो.