मदत हवी आहे: पारसिकच्या डोंगरातले थर तिरके का?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी, भूगर्भशास्त्रवाल्या कुणाची तरी मदत हवीये. सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या पोरांना रविवारी नवी मुंबईजवळच्या पारसिकच्या डोंगराकडे न्यायचं ठरलंय, मी कॉमर्सवाली पण वाचायची आवड आहे म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे केलंय. खंड सरकतात, वेगेनरने १९१२ मध्ये हे मांडलं तेव्हा लोकांनी त्याला उडवून लावलं कारण एवढं धूड ढकलतं कोण ह्याचं धड उत्तर त्याच्याकडे नव्हतं, मग १९६० च्या दशकात समुद्रतळाचे पुरावे आले, इथपर्यंत मी रेटून नेईन.

अडलंय पुढे. माळशेज घाटात काळ्या दगडाचे थर कसे पट्टीने आखल्यासारखे आडवे दिसतात. तेच इकडे जुन्या खाणीच्या भिंतीत बघितलं तर पश्चिमेला, खाडीकडे कललेले. लाव्हा तर दोन्हीकडे दख्खनचाच ना? एका पोराचे बाबा म्हणतात हिमालयाला धडक बसली त्या दणक्याने वाकलं. मला नाही पटत, धडक उत्तरेला आणि कललं पश्चिमेला, असं कसं? त्यात गंमत म्हणजे त्याच खाणीची दुसरी भिंत बघा, थर चक्क आडवे! पोरं विचारणारच, आणि हल्लीची पोरं 'निसर्गाची किमया' सांगून गप्प बसत नाहीत.

दगडधोंडे
ताई, तुमची शंका बरोबर आहे, हिमालयाचा इथे संबंध नाही. ह्या प्रकाराला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. पनवेलच्या आसपासून उत्तर-दक्षिण जाणारा हा थरांचा वाकलेला पट्टा आहे, त्याच्या पूर्वेला घाटात थर जवळजवळ आडवे आणि पश्चिमेला समुद्राकडे कललेले, मुंबईतही तसंच.

कारण बहुतेक जण असं लावतात की दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, आणि त्यानंतर थोड्याच काळात (भूगर्भातलं 'थोडं' हं) आपल्या पश्चिम कडेपासून सेशेल्स (हिंदी महासागरातली बेटं) सुटून गेलं. जमिनीचं कवच ताणलं गेलं, कडा खचली, वरचे थर समुद्राकडे झुकले. मादागास्कर त्याच्याही आधी, ८.८ कोटींच्या सुमारास सुटलेलं. हिमालय उभा करणारी भारताची आशियाशी धडक ह्या सगळ्यानंतर, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीची. सेशेल्सची मुख्य बेटं ग्रॅनाइटची आहेत, भर समुद्रात ग्रॅनाइट म्हणजे तो खंडाचाच तुकडा, पोरांना हे नक्की सांगा.

आता दुसरी भिंत. ती उत्तर-दक्षिण कापलेली असणार. थर पश्चिमेला उतरत असतील तर उतार फक्त पूर्व-पश्चिम कापलेल्या भिंतीत पूर्ण दिसतो, उत्तर-दक्षिण भिंतीत तोच थर आडवी रेघ दिसतो. मोबाइलच्या होकायंत्रावर आधी भिंतीची दिशा बघायला लावा, मग थर बघू द्या. आणि भिंतीच्या अगदी खाली पोरांना उभं करू नका, पावसानंतर धोंडे सुटतात.

कोपरीचा पक्या
मस्त माहिती, साहेब. पण लाव्हा रियुनियन बेटाच्या हॉटस्पॉटचा (खोलवरून लाव्हा वर येणाऱ्या जागेचा) म्हणतात, ते बेट तर कुठल्या कुठे आफ्रिकेकडे राहिलं?

दगडधोंडे
हॉटस्पॉट तिथेच राहिला, आपण पुढे आलो. आपली प्लेट (भारताला वाहून नेणारा कवचाचा तुकडा) उत्तरेकडे सरकत गेली आणि खालची उष्ण जागा तिच्यावर डाग सोडत गेली, लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांगच आहे नकाशात. तेव्हा प्लेटचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढे होता, आता ५ च्या आसपास. रियुनियनचा ज्वालामुखी आजही धुमसतोय.

ऐरोलीकर
खूप आभार हो, भिंतीच्या दिशेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एक शेवटचं, पूर्व-पश्चिम कापलेली आणि रस्त्यावरूनच दिसणारी भिंत नवी मुंबईत कुणाला माहितीये का? खाणीत आत शिरायला सोसायटीतल्या आया तयार नाहीत.