धपाटे, येसर आमटी आणि मटणासोबत कोणती वाईन घ्यावी?

मांजराकाठ (लातूर)

रविवारी दुपारी सहा जण जेवायला आहेत, त्यातल्या चौघांना वाईन चालते. बेत घरचाच आहे. आधी तळलेले पापड, खारे शेंगदाणे, कांदाभजी. मग धपाटे, दही आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, येसर आमटी, मटणाचा रस्सा. शेवटी कुंथलगिरीचे पेढे. दुकानदार म्हणतो, "मटण आहे ना, मग रेड न्या." दोन, फार तर तीन बाटल्या घ्यायच्यात. कोणत्या घ्याव्यात? आणि या उन्हात थंड किती करायच्या?

द्राक्षमळा

मटण बघून वाईन घेऊ नका, तिखट बघून घ्या. मिरची जिभेवरच्या ज्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला चेतवते, त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे ठेचा खाऊन वर १४ टक्के अल्कोहोलची शिराझ ही रेड प्यालात तर आग विझायची सोडून दुप्पट होते. त्यात रेडमध्ये सालीचा आणि बियांचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, असतं. पोळलेल्या जिभेला ते खरखरीत लागतं. मग दोष वाईनवर जातो.

तुमच्या बेतात आधी शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन बघा. नाशिकची सहज मिळते आणि बहुतेकदा किंचित गोडसर असते. हा गोडसरपणा तिखटाला आवरतो. लेबलवर अल्कोहोल १२ ते १२.५ टक्क्यांच्या आसपास असलेली बाटली घ्या. सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाईट धपाट्यातल्या कोथिंबीर-तिळाला सुरेख जुळते, कारण तिचा वासच हिरवा असतो. पण ती एकदम कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, असल्यानं ठेच्यापुढे तिचा आंबटपणा बोचतो. ठेचा वगळणार असाल तर जरूर घ्या. धपाट्यावर ठेचा नको म्हणणारे पाहुणे आपल्याकडे कुठून आणायचे, हा भाग वेगळा.

पापड, शेंगदाणे आणि भजीला स्पार्कलिंगसारखं, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनसारखं, काही नाही. मीठ आणि तेल असलं की बुडबुडे आणि आंबटपणा तोंड साफ करतात, पुढची भजी पहिल्यासारखी लागते. फक्त लेबल नीट वाचा. "एक्स्ट्रा ड्राय" ही "ब्रूट"पेक्षा कोरडी वाटते, असते उलट. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. नुसत्या खाऱ्या शेंगदाण्यांना ब्रूट, भजीसोबत लसणाची चटणी असेल तर एक्स्ट्रा ड्राय.

आणि "पोर्ट वाईन" लिहिलेली स्वस्त गोड बाटली जेवणासाठी घेऊ नका. तिचा गोडवा आमटीला झाकून टाकतो.

काळा मसाला

वरचं बहुतेक मान्य, पण रेड सरसकट बाद करू नका. रश्श्याची आग मुख्यतः तर्रीत असते, कारण मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. रस्सा झाला की दहा मिनिटं हलवू नका, वर आलेली तर्री पळीनं वाटीत काढा आणि ज्याला हवी त्याला वरून द्या. खाली राहतं ते भाजलेलं खोबरं, दगडफूल, लवंग आणि मटणाचा अर्क. ही चव रेडला धरून असते. मटणाची चरबी आणि रश्श्यातलं मीठ तुरटपणा मऊ करतात. तरी जास्त तुरट असलेली कॅबरने सोव्हिन्यों ही रेड टाळा, मर्लो ही मऊ रेड किंवा ओकच्या पिंपात फार न मुरवलेली शिराझ बरी. हाच बेत संभाजीनगरच्या नान-खलियाचा असता तर मी रेडच सुचवली असती.

खरी परीक्षा येसर आमटीची. येसरमध्ये भाजलेली धान्यं आणि डाळी असल्यामुळे ती दाट आणि खमंग असते, वर चिंचेचा आंबटपणा. वाईन जेवणापेक्षा कमी आंबट असली की पाणचट लागते. विकत घेतलेली बाटली जेवणाच्या आधी आमटीसोबत तपासा: एक घोट आमटी, मग एक घोट वाईन. सपक लागली तर आमटीत चिंचेचा कोळ कमी करा आणि चिमूटभर मीठ वाढवा. बाटली बदलण्यापेक्षा हे सोपं.

सावली_३८

सगळं बरोबर निवडूनही तापमानात घोळ होतो. "रेड रूम टेम्परेचरला द्यावी" यातली रूम थंड देशातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी घरातच ३५ असतं. त्या तापमानाला रेडमधून नुसता अल्कोहोलचा भपका येतो. रेड तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाईट आणि रोझे (गुलाबी वाईन) ८ ते १० अंशांना द्या, म्हणजे तीन तास फ्रिजमध्ये. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना.

वेळ नसेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर जाडं मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत व्हाईट तयार. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडावा पोचू देत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. स्पार्कलिंगची बाटली फुटू शकते.

टेबलावरच्या बाटलीला ओला पंचा गुंडाळा. आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि बाटली तापायला वेळ लागतो. यानं गरम बाटली हवी तितकी गार मात्र होणार नाही. पेला एक तृतीयांशच भरा, पुन्हा पुन्हा ओता. पेल्यात बर्फ टाकण्यापेक्षा बिनबियांची द्राक्षं गोठवून टाका, वाईन पातळ होत नाही.

दुकानात बाटली उन्हाच्या काचेजवळ मांडलेली असेल तर ती घेऊच नका. बूच वर सरकलेलं किंवा मानेशी चिकट ओघळ दिसला तर ती तापलेली आहे.

मांजराकाठ (लातूर)

तर्रीची युक्ती करतोच. दोन शंका राहिल्या: भरीत आणि पेढे. आणि धपाट्यासोबतच्या दह्यानं वाईनची चव बिघडते का?

द्राक्षमळा

दही असू द्या. त्यातलं प्रथिन तिखट धरून ठेवतं, त्यामुळे ठेच्यानंतर एक चमचा दही, मग वाईन, असा क्रम ठेवला तर शेनिनची चव नीट कळते. रेडसोबत मात्र दही आंबूस लागतं.

भरीताला कोरडी रोझे. धूर तिला झेपतो, तुरटपणाही नावापुरताच. कच्चा कांदा वरून घालणार असाल तर तो आधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पिळून घ्या, नाहीतर उग्रपणा प्रत्येक घोटात येत राहतो.

पेढ्यासोबत वरची एकही वाईन देऊ नका. गोडापुढे कोरडी वाईन लिंबाच्या पाण्यासारखी होते. नियम असा की वाईन गोडापेक्षा गोड हवी, म्हणजे लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन). त्यासाठी वेगळी बाटली घ्यावी असं मला वाटत नाही, पेढ्यासोबत चहा द्या.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. चौघांना एक शेनिन, एक रोझे पुरते. तिसरी घेतलीत तर भजीसाठी ब्रूट. तर्री काढून मटण करणार असाल तर रोझेऐवजी मर्लो.

काळा मसाला

उरलेली व्हाईट-रोझे बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, रेडही फ्रिजमध्येच ठेवा. ब्रूट त्याच दिवशी संपवा. उघड्या बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवल्यानं बुडबुडे राहत नाहीत.