मनोसामाजिक विषयात डिग्री घेऊनच गावात काम करायला पाहिजे का?

पंचगंगाकाठ:
पुतणी बीए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं वस्तीत, गावात काम करायचं म्हणते आणि त्यासाठी मनोसामाजिक अभ्यासाकडं, म्हणजे माणसाचं मन आणि त्याची परिस्थिती एकत्र बघणाऱ्या विषयाकडं जायचंय तिला. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात, ईस्ट लंडन विद्यापीठात याच नावाने विषय शिकवलेला आहे. आपल्याकडं त्याच्या जवळचा रस्ता म्हणजे एमएसडब्ल्यू, समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, कोल्हापुरात सायबर कॉलेजला, नाहीतर मुंबईला टीस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. घरात सगळे म्हणतायत समाजसेवेला कसली डिग्री. मी मात्र तिच्या बाजूनं आहे आणि त्याला कारण आहे.

2019 च्या कोल्हापूरच्या पुरात मी निवारा छावणीत मदतीला होते. चिखलीच्या एक आजी भिंतीकडं तोंड करून बसायच्या. मी रोज जाऊन विचारायचे, आजी काय काय गेलं, जनावरं किती होती, बोला की, बोललं की हलकं वाटतं. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडं बघेनात, मी आले की पदर तोंडावर घ्यायच्या. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेचं 2011 चं मार्गदर्शक आहे मानसिक प्रथमोपचाराचं, त्यात साधं सांगितलंय, आधी पाहा, मग ऐका, मग योग्य ठिकाणी जोडून द्या, आणि झालेलं सांगायला कुणावर जबरदस्ती करू नका. मी नेमकं तेच करत होते. माया होती माझ्या मनात, पण त्या मायेनंच आजींना त्रास झाला. हे कुणीतरी आधी शिकवायला पाहिजे होतं.

तालमीतला:
ताई राग मानू नका पण मला हे पटत नाही. त्याच पुरात आमच्या तालमीची पोरं पहिल्या दिवसापासनं पाण्यात होती, म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, त्यातल्या एकाकडं पण डिग्री नव्हती. आणि लोकांना काय पाहिजे होतं? कोरडे कपडे, गोळ्या, जनावराला वैरण आणि पंचनामा. घर पडलंय, तलाठी फिरकला नाही, आणि समोर कोणतरी येऊन तुमच्या भावना सांगा म्हणतंय, माणूस चिडणार न्हाई तर काय करणार. भावनेनं पत्रा बसत न्हाई वो घरावर.

पंचगंगाकाठ:
भावा, तू म्हणतोस तेच या विषयात शिकवतात. 2007 साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून आपत्तीतल्या मनोसामाजिक मदतीच्या सूचना काढल्या, त्यातल्या पिरॅमिडच्या तळाला अन्न, निवारा आणि सुरक्षितता आहे, त्यावर घरच्यांचा आणि गावाचा आधार, आणि डॉक्टर लागणारी माणसं अगदी टोकाला, थोडी. त्या आजींची झोप पंचनाम्यानं उडाली होती, घर मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्याला. हे मला कळलं नाही कारण मी फक्त मन बघत होते, तुम्हाला फक्त घर दिसत होतं. दोन्ही एका ठिकाणी बघायला शिकणं म्हणजेच मनोसामाजिक.

एमएसडब्ल्यू_दुसरं_वर्ष:
मी सध्या शिकतेय म्हणून सांगते, वर्गातल्या लेक्चरपेक्षा फील्डवर्क मोठं असतं. प्रत्येक भेटीनंतर कोण काय बोललं, मी काय बोलले ते सगळं लिहून काढायचं आणि सुपरवायझरसमोर बसायचं. पहिल्या सेमला एका घरी दारूचा प्रश्न होता, मी अर्धा तास त्या काकांना समजावून आले आणि खूश होते. सुपरवायझर मॅडमनी मी लिहिलेलं वाचून एवढंच विचारलं, यात काकूंचं एकपण वाक्य का नाही? काकू तिथंच चुलीपाशी होत्या की. त्या दिवसापासनं मी घरात शिरले की आधी कोण गप्प आहे ते बघते.

अजून एक, पुतणीला आधीच स्पष्ट सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकिअॅट्रिक सोशल वर्करची, म्हणजे मानसिक रुग्णांसोबत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याची व्याख्या एमएसडब्ल्यू आणि वर त्याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल अशी आहे. नुसत्या एमएसडब्ल्यूवर तो बोर्ड लावता येत नाही.

गडहिंग्लजकर:
आणि पगाराचं कोण बोलणार? माझा भाचा हेच शिकला, एका प्रोजेक्टवर 11 महिन्यांचा करार, फंड संपला की घरी, परत दुसरा प्रोजेक्ट दुसरा तालुका. बायका त्याच्याजवळ मन मोकळं करायला लागल्या की याची बदली. दोन वर्षं आणि फी घालून पोरीला हेच द्यायचंय का? बीएड करू दे, शाळेत राहून पण मुलांचं मन सांभाळता येतं, आणि तिथं ती वीस वर्षं टिकंल. मला समाजकार्याची किंमत कळते म्हणूनच सांगतोय.

आशाताई_शिरोळ:
मी आशा म्हणून काम करते. माझं मत वेगळं आहे. दरवर्षी शिकणारी पोरं येतात, हातात वही, माझ्याबरोबर गल्लीत फिरतात, मी ज्या घरात सात वर्षं जाऊन विश्वास मिळवला त्या घरातली गोष्ट लिहून घेतात आणि परीक्षा झाली की परत तोंड दाखवत नाहीत. त्या बाईला नंतर मी तोंड द्यायचं.

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद, आणि मग राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तोच आदर्श घ्या म्हणून परिपत्रक काढलं. लई मोठं काम. पण माझ्या भागातली एक बाई म्हणते, ताई मी कुंकू लावलं तर सासू बोलत नाही, नाही लावलं तर लेक रडते. त्या बाईपाशी कोण बसायचं? पुस्तक वाचलेली पोरगी का मी? मीच बसते. मग ते दोन वर्षांचं शिक्षण मला का नको? सुट्टीच्या दिवशी, मराठीत, जवळच्या गावात शिकवा की. मला चौदा जणींचं प्रशिक्षण दिलंत तर त्या चौदा जणी इथंच राहणार आहेत.

पंचगंगाकाठ:
ताई, तुमचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. शिक्षण तुम्हाला मिळायलाच पाहिजे, यात माझा वाद नाही. पण तुमच्यापाशी कोण बसतं? ते सगळं ऐकून तुम्ही घरी जाता, तुम्हाला विचारणारा सुपरवायझर आहे का? मला वाटतं डिग्रीवाली माणसं तिथं पाहिजेत, तुमच्या पाठीमागं.

आशाताई_शिरोळ:
नाही कोण. महिन्याच्या मीटिंगला फक्त आकडे विचारतात.

तालमीतला:
ताई एक सांगू का. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला, इशारा पातळीला आलं की आमची आई अजून रात्रभर जागी असते. 2019 ला 55 फुटाच्या वर गेलं होतं ते तिच्या डोक्यातनं जात न्हाई. मी म्हणतो अजून धोका पातळीला 4 फूट आहेत, झोप. झोपत न्हाई. याला काय करायचं असतं?

एमएसडब्ल्यू_दुसरं_वर्ष:
दादा, झोप म्हणू नका त्यांना. कागदपत्रं, औषधं, एक साडी अशी पिशवी त्यांच्या हातानंच भरून ठेवायला सांगा, आणि किती फुटाला कुणाच्या घरी जायचं ते दोघं मिळून आत्ताच ठरवा. त्यांनी स्वतः काहीतरी केलेलं असलं की जीव जरा शांत राहतो. तरी झोप लागेना तर 14416 हा टेलीमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गडहिंग्लजकर:
हे चांगलं सांगितलं. पण पगाराचं माझं म्हणणं तसंच आहे.

आशाताई_शिरोळ:
पंचगंगाकाठ, पुतणीला अॅडमिशनच्या आधी महिनाभर माझ्याबरोबर फिरू दे. मंगळवारी गृहभेटी असतात, साडेनऊला स्टँडवर उभी राहू दे. वही घरी ठेवून ये म्हणावं.